ग्लासगोचं ट्रेनिंग

९ फेब्रुवारी

तिकीट निघालं! हीथ्रो ते कॅनडातलं हॅलिफॅक्स, आठ जून. कॅरोलनं तिच्या लॅपटॉपवर बटण दाबलं आणि ओरडली, "डन, शॅश!" शशी म्हणणं तिला जमत नाही. मी तारीख दोनदा वाचून घेतली.

हॅलिफॅक्सला भाड्याच्या मोटरसायकली घ्यायच्या. केप ब्रेटनला वळसा, मग बोटीनं न्यूफाउंडलंड. तीन आठवडे. कॅरोल आमच्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीची व्हॅन चालवायची, आता रिटायर. म्हणते, म्हाताऱ्या व्हायच्या आत जाऊ. म्हटलं, तू झालीस की.

आणि घरी येऊन मी खोटं बोलले. पाच मिनिटांत!

बूट काढतेय तोवर सासूबाईंचे प्रश्न सुरू. कुठं होतीस, कोण होतं, जेवलीस का. मी म्हटलं, जूनमध्ये तीन आठवडे मी नाहीये, तुम्ही लेकीकडं, सीमाकडं पिनरला राहा. "का? कुठं चाललीस?" आता काय सांगू? कॅनडा. मोटरसायकल. मजा करायला. त्र्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला सोडून मजा करायला जाते, हे वाक्य तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच — हॉस्पिटल ट्रेनिंगला पाठवतंय. ग्लासगोला. लॉन्ड्रीत नवीन मशीन आलीत.

सासूबाई खुर्चीत पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, "सर्टिफिकेट मिळतं?"

"मिळतं."

"तुला? चौथी शिकलेलीला?"

"मला."

पदर डोळ्याला लावला त्यांनी. मी किचनमध्ये जाऊन उगाच भांडी आपटली.

११ फेब्रुवारी

जाऊ दे. तीन आठवड्यांची थाप आहे. खून नाही केला.

२ मार्च

कॅरोलकडं नॉटिंगहॅमला गेले, बाईकवर. थंडी हाडात गेली पण बरं वाटलं. सत्तेचाळीसाव्या वर्षी शिकले मी हे, साडेपाचच्या शिफ्टला बस नव्हती म्हणून. लाल एल लावून गल्लीत फिरायचे तेव्हा शेजारची गुजराती बाई दार उघडून बघायची. आता मोठं लायसन्स आहे.

कॅरोलनं टेबलभर नकाशा पसरला. केप ब्रेटनचा रस्ता गोल आहे, डोंगर आणि समुद्र यांच्यामधून. तिकडं गाड्या उजवीकडून. म्हणून घड्याळाच्या उलट फिरायचं, म्हणजे समुद्राकडची लेन आपली. हे कॅरोलच्या आधी मला कळलं! ती म्हणाली, यू आर गुड विथ मॅप्स. मला कुणी कशात गुड म्हटलेलं आठवत नाही.

बोटीवर आपली बाईक आपणच पट्ट्यांनी बांधायची. रबरी हातमोजे न्यायचे, खाली ओलं असतं. संध्याकाळी रस्त्यावर मूस येतात. मूस म्हणजे म्हशीएवढं हरीण. धडकलं तर ते उठून जातं, आपण नाही. म्हणून चारला मुक्काम.

आणि शेवटी ट्विलिंगेट नावाचं गाव. जूनमध्ये तिथं बर्फाचे डोंगर पाण्यावर तरंगत येतात. कॅन्टीनच्या टीव्हीवर बघितलं होतं मी — कपडे वाळत घातलेत, पोरं खेळतायत आणि मागून घराएवढा निळा बर्फ चाललाय. कुणी वळून बघत नाही. तेव्हापासून डोक्यात बसलंय. का ते विचारू नये. ह्यांना, काशीनाथना सांगितलं असतं तर म्हणाले असते, फ्रीझर उघडून बघ. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन.

घरी आले तर सासूबाई फोनवर लेकीशी. "अगं सीमा, तुझ्या वहिनीला हॉस्पिटलनं निवडलंय! सगळ्यांतून!" सगळ्यांतून हे मी म्हटलंच नव्हतं.

३ मार्च

सीमाचा फोन. "वहिनी, तीन आठवडे आईला ठेवायचं म्हणजे... माझं वर्क फ्रॉम होम असतं. पण ट्रेनिंग आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणू? प्राउड ऑफ यू." थँक्यू म्हटलं. लाज नाही मला.

१९ मार्च

आज सासूबाईंच्या केसांना तेल लावत होते. मधेच म्हणाल्या, "तुझ्या बापाला कबूल केलं होतं मी. पोरीला इंग्लंडला नेते, शिकवते. आणि आणून शिवणाच्या मशीनवर बसवली माझ्या शेजारी, फॅक्टरीत." मी म्हटलं, जुनं कशाला काढता. म्हणाल्या, "काढत नाही. आता फिटलं म्हणते."

हात तेलातच राहिला माझा. काय फिटलं? काहीच नाही फिटलं, आई! तुमची सून थापाडी आहे.

असं मनात. तोंडानं म्हटलं, मान सरळ ठेवा.

१३ एप्रिल

लिहायलाच लाज वाटते. पण कुणाला सांगू?

जयंतीचा कार्यक्रम आज, रविवार म्हणून. विहाराचा हॉल भरलेला. वंदना झाली, पोरांची भाषणं झाली. आणि प्रज्ञेशनं — आमचा अध्यक्ष, फार्मसी चालवतो, इथंच जन्मला — माइकवर माझं नाव घेतलं. सासूबाईंनी सांगून ठेवलेलं. मला पत्ता नाही!

"शशीआंटी आमचा प्रेरणा आहे. चौथी शिकून आज हॉस्पिटल त्यांना ट्रेनिंगला पाठवतो. शिका म्हटलं बाबासाहेबांनी, आंटीने चोपन्नला करून दाखवला."

शाल. फुलं. पेनाचा सेट. टाळ्या थांबेनात. समोर फोटो, त्याच्याकडं बघायची हिंमत झाली नाही. बाकीचं सोड, तिथं, त्या दिवशी खोट्याची शाल पांघरली मी! प्रज्ञेशची पोरगी तनया स्टेजपाशी येऊन विचारते, "आंटी, डू यू गेट अ हॅट?" पदवीची टोपी मिळणार का म्हणे. सगळे हसले. मीही हसले.

सासूबाई पहिल्या रांगेत. उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. त्यांचे गुडघे असे, त्यांना उठवायला रोज दोन हात लागतात.

१४ एप्रिल

शाल कपाटात सर्वांत खाली घातली. पेन ड्रॉवरमध्ये. हे जुन्याच बॉलपेननं लिहितेय.

१५ एप्रिल

कॅरोलला सांगितलं सगळं. ती म्हणाली, जस्ट टेल हर, शी इज अ ग्रोन वुमन. हिला काय कळणार. हिनं आईला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवलं आणि रविवारी केक घेऊन जाते. मी तसं बोलून दाखवलं. कॅरोल म्हणाली, "ॲट लीस्ट माय मम नोज व्हेअर आय ॲम."

बसली जिव्हारी.

२८ एप्रिल

वाईट झालं.

आश्लेषा लॉन्ड्रीत माझ्याच शिफ्टला असते. तिशीतली, दोन पोरं, नवरा सोडून गेलेला. जयंतीला तिनंच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या होत्या. आज ती मॅनेजरकडं गेली. म्हणाली, मलाही ग्लासगोच्या ट्रेनिंगला पाठवा. मॅनेजरला काही कळेना. कसलं ट्रेनिंग? तिला वाटलं, लपवतोय. तिनं आवाज चढवला — आमच्या शशीला पाठवता, मला का नाही? त्यानं फाइल काढून दाखवली. शशी जूनमध्ये ॲन्युअल लीव्हवर. हॉलिडे. बाजूचे दोघे फिदीफिदी हसले म्हणे.

ती मशीनपाशी आली तेव्हा ओल्या चादरी हातात होत्या माझ्या. म्हणाली, "शशीताई, मी आठवडाभर इंग्रजीत पाठ केलं होतं काय बोलायचं ते."

मी म्हटलं, अगं ऐक.

"नको. कुणाला सांगणार नाही मी. तुमच्या सासूबाईंना, विमलाआजींना तर नाहीच. तुम्ही पाया पडायच्या लायकीच्या वाटायच्या मला." एवढंच बोलली आणि ट्रॉली ढकलत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

२९ एप्रिल

जेवण गेलं नाही.

४ मे

सांगितलं.

सकाळी त्यांच्या पायाची नखं कापत होते. टबात कोमट पाणी, पाय माझ्या मांडीवर. मान वर न करता बोलले. ग्लासगो नाही. मशीन नाही. मी कॅनडाला चाललेय, मोटरसायकलवर फिरायला, कॅरोलबरोबर. मौज म्हणून. तुम्ही नाही म्हणाल म्हणून खोटं बोलले. आश्लेषाचंही सांगितलं. सगळं एका दमात, थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं.

"सर्टिफिकेट?"

"नाही, आई."

त्यांनी तो पाय खाली घेतला आणि दुसरा पुढं केला. मी कापत राहिले. दिसत नव्हतं नीट.

उठताना म्हणाल्या, "विहारात सगळ्यांना मी सांगितलं. आता तू सांग. उभी राहून."

५ मे

बोलत नाहीत. चहा ठेवला की पितात.

११ मे

बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम. पुन्हा तोच हॉल. वंदना संपली आणि मी उभी राहिले. भाषण येत नाही मला. म्हटलं, जयभीम, मला एक सांगायचंय. ट्रेनिंग वगैरे काही नाही. मी खोटं बोलले. आश्लेषाला माझ्यामुळे खाली बघायला लागलं, तिची सगळ्यांसमोर माफी मागते. ही शाल घ्या.

मग मागून कुणीतरी म्हातारा, झोपेत होता की काय, वंदनेनंतर म्हणायच्या सवयीनं म्हणाला — "साधू, साधू, साधू!"

हॉल हसला. मी नाही.

प्रज्ञेश शाल हातात घेऊन उभा, बिचाऱ्याला काय करावं कळेना. "आंटी, शाल परत घ्यायचा रूल नाहीये आमच्याकडे." मी टेबलावर ठेवून आले. दोन बायकांनी तोंड फिरवलं. फिरवू दे, त्यांचा हक्क आहे.

बाहेर बाईकपाशी आश्लेषा आली. हेल्मेटकडं बघून म्हणाली, "किती सीसीची आहे?" साडेसहाशे, म्हटलं. "हं." आणि गेली. माफ केलं असं नाही. पण विचारलं तरी.

१४ मे

सीमाचा फोन. तिला कळलं. "ट्रेनिंग म्हणून हो म्हटलं होतं मी! आणि तुम्ही हॉलिडेसाठी आईला माझ्याकडे टाकताय? बाईकवर? वहिनी, वय काय तुमचं!"

म्हटलं, चोपन्न, तुला माहितीये.

"मग मी नाही ठेवणार. तुमची मजा तुम्ही मॅनेज करा."

रागानं फोन ठेवला मी. मग वाटलं, बरोबरच बोलली की. तिच्याकडूनही थापेवरच हो म्हणवून घेतलं होतं मी.

१७ मे

कौन्सिलला फोन केला, तीन आठवड्यांसाठी कुणी म्हातारीकडं बघेल का. वेटिंग लिस्ट. जूनचं विचारूच नका म्हणे. विहारातल्या कुणाला विचारायला तोंड उरलं नाही. सासूबाई खुर्चीत बसून माझी फोनाफोनी ऐकत होत्या. आता थोडं बोलतात — मीठ कमी आहे, पाऊस येईल, एवढंच.

२० मे

कॅरोलला फोन करून सांगितलं, मी येत नाही. कॅन्सल कर.

ती म्हणाली, पुढच्या वर्षी माझा गुडघा चालणार नाही, शॅश. आय वोंट कॅन्सल टिल फ्रायडे. शुक्रवारी पाचपर्यंत वाट बघते.

म्हटलं, बघू नकोस.

नकाशा तिचाच होता, पण मी वहीत रस्ता काढून घेतला होता पेन्सिलनं. गावांची नावं जशी ऐकू आली तशी मराठीत. ते पान फाडायला घेतलं. फाडलं नाही. सासूबाईंवर एवढी चिडले मनातल्या मनात, की तुम्ही नसता तर! असं वाटलं, आणि मग हेही वाटलं की आपण फार वाईट बाई आहोत. त्यांना वरण-भात गरम करून दिला. तूप जास्त घातलं.

२२ मे

सकाळी बघते तर सासूबाई चांगली साडी नेसून तयार. म्हणाल्या, टॅक्सी सांगितलीये, फ्लॅट बघायला चल.

कसला फ्लॅट? बेलग्रेव्ह रोडच्या मागं, कौन्सिलचं म्हाताऱ्यांसाठीचं घर. एक खोली, खाली वॉर्डन, दुपारी बायका पत्ते कुटतात. दोन वर्षांपूर्वी अर्ज केलाय म्हणे! दोनदा नंबर लागला, दोनदा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा लागला तो काल, आणि हो सांगून टाकलं. पुढच्या शुक्रवारी जातायत. कायमच्या.

"काशीनाथ गेला, तुला पोर ना बाळ. एकटी पडशील म्हणून राहिले, शशे. नाहीतर मला काय, दिवसभर तुझ्या भिंतीकडं बघायची हौस होती?"

मी ओरडले, मग बोलायचं होतं ना!

"तू बोललीस?"

उद्या शुक्रवार. कॅरोल पाचपर्यंत थांबेल. एक फोन करायचाय फक्त. केला की त्यांच्या जाण्याला मीही हो म्हटल्यासारखं. सकाळपासून चार वेळा हातात घेतला आणि खाली ठेवला.