सव्वा चौरस मिलिमीटर

४ मार्च
आजपासून खोटं बोलणं बंद. कालचं धरत नाही, ते ऑफिसचं काम होतं.
ग्राफिक्स आणि प्रोसेसर आता एकाच चिपवर बसणार. ग्राफिक्स टीमचा मी, प्रोसेसर टीमची बायको. चीफनी विचारलं, ग्राफिक्सला जागा किती? लागतात पाच चौरस मिलिमीटर. मी सांगितले सव्वासहा. मार्जिन. सगळेच ठेवतात.

५ मार्च, दुपार
सव्वा मिलिमीटर कुठून तरी काढावा लागणारच. चीफनी तो बायकोच्या मेमरी ब्लॉकमधून काढला. प्रोसेसरच्या अगदी हाताशी असणारी मेमरी, तिनं दोन वर्षं खपून बनवलेली. निम्मी गेली.
चीफनी तिला मीटिंगमध्येच विचारलं, ग्राफिक्सचा आकडा पटतो का? तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "त्यांचं काम त्यांना माहीत."
आज घरी सांगून टाकतो.

५ मार्च, संध्याकाळ
ती भांडी घासत होती. भांडी घासणाऱ्या माणसाला वाईट बातमी देऊ नये. भांडी मी घासली.

९ मार्च
चार दिवस भांडी माझ्याकडेच. फरशी पुसली. सासूबाईंना आपणहून फोन केला. त्यांनी आधी तब्येत विचारली, मग विचारलं, काय केलंत?
काही नाही म्हणालो. हे खोटं नव्हे, शिष्टाचार.

२ मे
नवा प्लॅन. कबूल करायचं नाही, सव्वासहा खरंच वापरायचे. मग खोटं उरतंच कुठे? टीममधल्या दाढीवाल्याला विचारलं, अजून काय टाकता येईल. तो म्हणाला, टाकण्यासारखं काही नाही, तू घरी जा.

१७ जुलै
डिझाइन उद्या फॅक्टरीत जाणार. रिकामी जागा धातूच्या डमी चौकोनांनी भरावी लागते, नाहीतर चिपचे थर सपाट बसत नाहीत. चौकोन काहीच करत नाहीत, नुसते असतात.
सव्वा मिलिमीटर भरला. एक स्क्रिप्ट, चार मिनिटं.
रात्रीची भांडीही मीच घासली.

१८ जुलै, रात्र
सांगितलं. डिझाइन गेल्यावर सांगितलं, म्हणजे तिला कामाच्या गडबडीत त्रास नको.
ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत.
"माहीत होतं रे. पाचच लागतात. तुझं मागचं डिझाइन मीच तपासलं होतं ना."
मग तेव्हा बोलली का नाहीस?
"वीस माणसांसमोर तुला खोटा पाडू?"
माझा शर्ट माझ्या हातात दिला आणि आत गेली.

२१ जुलै
चीफना सगळं कळवायचं, ठरलं. स्वच्छ, मुद्देसूद मेल लिहिली. तीनदा वाचली. छान जमली होती.
पाठवणार तेवढ्यात चीफचीच मेल आली, सगळ्यांना. ग्राफिक्स टीम सांगितलेल्या जागेत तंतोतंत बसली, अंदाज असावा तर असा.
पहिलं उत्तर बायकोचं. अभिनंदन.
माझी मेल पुसली. मग सगळ्यांना थँक यू लिहिलं.