तिसऱ्या भट्टीआधी

प्रिय मुतालेम्वा,

बाबा बरे आहेत असं लिहिणार होते, पण लिहवत नाही. आपल्या लोकांची लोखंड गाळायची जुनी रीत तुझ्या विद्यापीठाला पाहायचीय, असा तू दार-एस-सलामहून निरोप धाडलास, तेव्हा सत्तरी उलटलेले बाबा एकदम ताठ चालू लागले. गावचे सात म्हातारे त्यांना गुरू म्हणू लागले, भाते ओढायला तरुण इशेंगोमा आला. भट्टीच्या तळाला घालायचं दलदलीतलं गवत जाळून झालं, वारुळाच्या मातीची भट्टी उभी राहिली. आणि दोनदा पेटवूनही लोखंड आलंच नाही. नुसती दगडाची काळी मळी, ढेकळासारखी.

पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. मी भट्टीशेजारच्या कॉफीच्या मळ्यात होते, सगळं ऐकू येत होतं. त्या सातांतले काइजागेकाका म्हणाले, "कुणीतरी बायकोकडे जाऊन आलंय." तुला ठाऊकच आहे, भट्टी म्हणजे या माणसांची नवरी, गाळप संपेपर्यंत घरी निजायचं नाही. सगळे इशेंगोमाकडे वळले असणार, कारण त्याची बायको अलिंडा पोटुशी आहे. तो ओरडला, "अहो, ते आधीचंय!" काका म्हणाले, "आधीचं की नंतरचं, ते भट्टीला कळतं." बाबांनी नुसती मळी उपसायला सांगितली.

आता अलिंडा पाणवठ्यावर आली की बायका अर्धेच भरलेले घडे घेऊन निघतात. मंगळवारी सकाळी तिच्या घराभोवतीच्या अकरा केळी बुंध्यातून तोडलेल्या सापडल्या. घड तिथंच टाकलेले, म्हणजे चोरी नव्हे. ती मला म्हणाली, "अक्का, आता घराला हात घालतील का हो?" मी म्हटलं, "वेडी आहेस." आणि घरी येऊन दाराला कडी लावून बसले.

काल दुपारी बाबा नैवेद्याची केळ्याची दारू न्यायला आले. मी सरळच विचारलं, "बाबा, लोखंडाचा दगड किती, कोळसा किती, सगळं नक्की आठवतंय ना?" त्यांनी दारूचा भोपळा खाली ठेवला. मग म्हणाले, "पोरपणी मी फक्त कोळसा वाहायचो गं. आत काय नि कसं घालतात, ते मला कधी बघूच दिलं नाही."

"मग सांगून टाका ना!"

"आता कसं सांगू? विद्यापीठापुढं तुझ्या भावाचं नाव गुंतलंय."

दारू घेऊन निघून गेले. पाठीत वाकले होते.

उद्या सकाळी तिसरी भट्टी पेटेल. तीही फसणार. या वेळी लोखंड आलं नाही तर अलिंडाला गावात ठेवायचं नाही, असं काकांनी सांगून ठेवलंय. म्हणून मी ठरवलंय. भट्टी पेटली की सगळ्यांच्या देखत मी भट्टीच्या आवारात जाईन, बाईनं पाऊल टाकायचं नाही तिथं, नाहीतर भट्टी बिघडते म्हणतात. भट्टीला हात लावीन आणि सांगीन, आधीच्या दोन्ही वेळी मीच चोरून येऊन गेले होते. मी विधवा, मागे लेकरू नाही. गावातून काढलंच तर बुकोब्याला मावशीकडे जाईन. भट्टी बघायला आलेले तुझे प्राध्यापक हे सगळं लिहून घेतील आणि ते कागद तुझ्या हाती येतील. म्हणून आधीच कळवते: ते खोटं असेल. पण बाबा आहेत तोवर ते खोडू नकोस.

तुझीच,
कोकुशुबिरा अक्का