भेंडीच्या चिकाचा फेस

११ जानेवारी १९७७, सांगली
फेस बसेना! नुसत्या भेंडीच्या चिकाचा मिनिटभरात गेला. नुसत्या धुण्याच्या पावडरीचा पाच मिनिटांत. दोन्ही एकत्र केले — चाळीस मिनिटं नळीत पांढरा थर तसाच उभा. एरवी फेस मोडणाऱ्या गोडेतेलाचे थेंब सोडले, तरी हलेना.
सर खूश! "पावडरीचे रेणू चिकाच्या लांब साखळीला जाऊन बिलगतात. बुडबुड्याची भिंत जाड होते. प्रबंधाचं एक प्रकरण झालं तुमचं."
मी हसले. नळी धुतली, दोनदा विसळली.

१२ जानेवारी
लिहूनच टाकते. तीन वर्षांपूर्वी उंब्रजला आमचं गुऱ्हाळ चालू होतं. गुळव्या म्हणजे आमचे नाथाजीकाका — पाक झाला की नाही ते वासावरून सांगणारे. मी कॉलेजातून सुट्टीला आले होते. भेंडीच्या चिकाची बादली कळकट दिसली. शिकलेली ना मी! साताऱ्याहून आणलेल्या पावडरीनं लख्ख घासली. विसळली मात्र घाईघाईत.
रसातली मळी वर यावी म्हणून काकांनी त्याच बादलीतला चीक उकळत्या काहिलीत ओतला. फेस चढतच गेला. ते तेल शिंपडत होते, ओरडत होते — "जाळ वढा रं! जाळ वढा!" उकळता रस उतू जाऊन त्यांच्या अंगावर आला. नवव्या दिवशी दवाखान्यातच वारले.
गाव म्हणालं, भर दुपारी गुळव्याचा डोळा लागला. माझे वडील, आमचे दादा, तेही तेच म्हणाले. बादलीचं मी कुणालाच सांगितलं नाही. तेव्हा नुसती शंका होती. आता चाळीस मिनिटं मोजलीत.

१३ जानेवारी
प्रयोगशाळेत उकळत्या रसाचा वास आला. बाकी कुणालाच नाही.

१४ जानेवारी, उंब्रज
नाथाजीकाकांच्या बायकोला, हरणाकाकूला, सांगायचं म्हणूनच आले. तिळगूळ देताना ती म्हणाली, "आजून म्हनत्यात गं लोक, झोपाळू हुता. म्हनू द्यात." मी तिळगूळ तोंडात टाकला. न सांगताच उठले. इतकी भित्री आहे मी!

१५ जानेवारी
सांगितलं. सगळं. काकू भाकरी थापत होती, थांबली नाही.
"ठावं हाय मला, पोरी. दवाखान्यात तुजं काकाच म्हनलं हुतं — 'बादलीला पावडरीचा वास मारत हुता. पोरीचं नाव काडू नगंस, तिचं कालेज बंद करत्याल.' डोळा लागला हुता, आसं मीच सांगितलंय समद्यास्नी."