देवातला पेनड्राइव्ह

प्रिय दिपाली,

माझा युवराज गेल्यापासून तुला चि. सौ. लिहायला हात उठत न्हाय आणि नुसतं नाव लिहिलं तर परकं वाटतंय, म्हणून प्रिय. फोन केला की माझा आवाज चढतो, तू रडतीस आणि कामाचं राहूनच जातं. म्हणून लिहिते. अक्षर लागलं न्हाय तर परत वाच.

काल सोलापूरला जाऊन आले. माहेरी करकंबला जाताना तू युवराजचे व्हिडिओ पेनड्राइव्हात भरून दिलेलेस, ते उघडंनात. ग्रामपंचायतीतल्या कॉम्प्युटरवर नावं दिसत्यात, पण दाबलं की इंग्रजीत काहीतरी येतंय आणि बंद. तिथल्या बाईनं हात वर केले. म्हणून नव्या पेठेत कुमार म्हणून एक दुकानवाला हाय, त्याच्याकडं नेला.

त्यानं आधीच विचारलं, मावशी, हे पाण्यात पडलं होतं का. मी ठाम न्हाय म्हणाले. मग त्यानं तोंडाशी टाचणी घातली तर पिवळी भुकटी निघाली. भंडारा. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्यात गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देवात बसवत्यात. युवराजचा अजून केला न्हाय. तुझ्या मामांनी त्याच्या जागेवर हा पेनड्राइव्ह ठेवलेला. आपलं पोरगं यात हाय म्हणत होते. दर रविवारी बाकीच्या टाकांबरोबर त्यालाबी दुधापाण्याची अंघोळ आणि वरनं भंडारा. मी चुलीपुढं, मला वाटायचं नुसतं पाया पडत्यात. दुकानात लाज वाटली. घरी येऊन त्यांना लई तोडून बोलले. ते बकऱ्यांमागं निघून गेले. अजून नीट जेवले न्हाईत. मी ताट झाकून ठेवते.

कुमारनं कष्ट घेतले, त्याला नाव ठेवणार न्हाय. पुसलं, वाळवलं, आतलं सगळं आपल्या मशीनवर घेतलं. एका प्लेअरात उघडंना तर दुसरा लावला. मग दुरुस्तीचं काहीतरी सुरू केलं, त्याची हिरवी पट्टी जागची हलंना. मी म्हणाले, अरे एकदा आपटून बघ की, आमचा रेडिओ तसाच चालायचा. तो हसला. शेवटाला एकच उघडला. चिंचोळीच्या कारखान्यातली पाळी संपवून युवराज थेट बकऱ्यांत आलेला, कंपनीच्या निळ्या कपड्यातच, तो व्हिडिओ. पडदा काळाच. बकऱ्यांचं ओरडणं आलं, फोन धरून काढतानाचं तुझं हसणं आलं. त्याच्या पुढं तो मला हाक मारतो, मला पाठ हाय, म्हणून मी कान पुढं केला. तितंच थांबलं. परत लावलं, परत तितंच. कुमार म्हणाला, यात आता काय राहिलं न्हाय, ज्या फोननं काढलंय त्यात असंल तर बघा.

अकलूजचं स्थळ ठरल्याचं मला कळलंय. तुझ्या आईनं लपवायला नको होतं, मी काय आडवी पडणार नव्हते. कर तू. तुझं वय काय असं बसून राहायचं हाय का. मामांनाबी मी तेच सांगितलं. पण तिकडं जायच्या आधी घरचे तुला म्हणतील, फोनमधलं जुनं सगळं पुसून टाक. म्हणणारच, तुझ्या आईच्या जागी मी असते तर मीबी म्हणाले असते. पुसायच्या आधी तेवढा एक व्हिडिओ मला दे. मी एसटीनं येते, दारातच उभी राहून घेते, आत येत न्हाय. आणि आधीच पुसला असशील, तर तसं मला लिहू नकोस. माझ्या फोनमधलाबी उघडंना झालाय, एवढंच लिही. मी खरं मानीन.

कुणाचीबी सून झालीस तरी तुझीच,
गोजाबाई आत्या