नुसतं बोलणं

रविवार, १२ ऑक्टोबर १९९७
गोडादरा, सुरत

आमच्या विज्ञान मंडळाचा इतिहास आता कशावरून लिहू? गुरुजींनी मंडळ उभं केलं, मिलच्या कामगारांना ग्रहण, पाऊस, कापडाचे रंग असं सगळं अहिराणीत समजावलं, पण कागदावर कधी एक ओळ लिहिली नाही. ते गेल्यावर उरल्या त्यांच्या भाषणांच्या कॅसेटी. त्या खजिनदार भामरेंच्या घरी होत्या.

आज आणायला गेलो, तर त्यांच्या गिरीशने नवरात्रात सगळ्यांवर गरबा भरून टाकलेला.

“काका, एवढं काय टेन्शन घेता? नुसतं बोलणंच तर होतं.”

भामरे खाली बघत म्हणाले, “जाऊ द्या आप्पा, पोरगं आहे. मी कोऱ्या कॅसेटी आणून देतो.”

कोऱ्या! त्या घेऊन मी काय करू?

नुसतं बोलणं. ग्रहण सुटलं की मी आंघोळ करतो म्हणून गुरुजी भर भाषणात माझी चेष्टा करायचे. आंघोळ जरूर कर, पण आधी ग्रहण बघ, म्हणायचे. आता हे फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि माझा तरी काय भरवसा?

देवापुढे दिवा लावला. हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. पुसलेलं परत दे म्हणू?

एका कॅसेटच्या सुरुवातीला थोडं उरलंय. गुरुजी खाकरतात, माईकवर टिचकी मारतात आणि विचारतात, “मांगलास्ले ऐकू येस का?”

मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने “हो गुरुजी” म्हणतं. तो आवाज माझाच.

आणि लगेच ढोल सुरू होतो.