अकरा फवारे

फ्रेंडशिप बे, बेक्विया
८ फेब्रुवारी १९९९

ती. इव्हॅडनीताईस,
धाकट्या हॉलिसचा सा. न. वि. वि.

इथे सगळे ठीक. तू लावलेल्या गुलाबाचा शेळीनं निकाल लावला. मी तिला तुझ्या वतीनं चार शब्द सुनावले.

बाबांना अख्ख्या मोसमात टेकडीवरून चार-पाच देवमासे दिसले, तरी आई गावभर सांगत सुटायची. मी काल एका सकाळीत अकरा फवारे मोजले. रॅन्सफर्डला आकडा सांगितला, तर आपला हा चुलतभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, की हॉलिसला आता एकाचे दोन दिसतात, वर दुसरा माणूस बसवावा लागेल. एकतीस वर्षं मी टेकडीवरून आरशाचा कवडसा पाडतो, मग खालची होडी सुटते आणि तो भाला मारतो. टेकडी गेली तर मी काय शेळ्या राखू?

ताई, एवढे देवमासे खरंच असतील का? तिकडच्या वाचनालयात विचार. माया असू दे.

तुझा,
हॉलिस


ब्रिजटाउन, बार्बाडोस
१९ फेब्रुवारी १९९९

चि. हॉलिस यास,
अनेक आशीर्वाद.

विचारलं. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, मोठ्या बोटींची शिकार थांबली तेव्हापासून ते वाढतायत. मादीला दोन-तीन वर्षांनी एकच पिलू होतं, पण ते जगलं तर तेवढंही पुरतं. तेव्हा अकरा असतीलही.

पण नाताळात माझ्या केकवर साखर म्हणून तू मीठ भुरभुरलंस, तेही मी विसरलेले नाही. इथल्या डॉक्टरांच्या मते मोतीबिंदूत एकाचे दोन दिसू शकतात. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मार्चमधली तारीख घेतली आहे. निमूट ये. तुझा घाबरटपणा मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तुझीच,
इव्हॅडनी


फ्रेंडशिप बे
४ मार्च १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येतो. घाबरलोय, पण सुरीला नाही. डोळा साफ झाल्यावर पाचच दिसले तर?

मंगळवारी आरसा दाखवला आणि रॅन्सफर्डनं मोठी मादी मारली. एकटीच होती. बाबांची पद्धत मी मोडलेली नाही. पिलू बरोबर असेल तर आरसा खिशातच. तुझ्यासाठी तिच्या खारवलेल्या मांसाची बरणी बोटीनं पाठवली आहे.

एक गंमत. होडीच्या तळाला कान लावला की नर गाताना ऐकू येतात. यंदा त्यांची चाल बदलली आहे, आणि सगळे तीच नवी चाल म्हणतात. त्यांना ती कोण शिकवत असेल?

खोली तयार ठेव, आणि रागावू नकोस. माया असू दे.

तुझा,
हॉलिस


फ्रेंडशिप बे
११ एप्रिल १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. दुसऱ्याच दिवशी टेकडी चढलो. डोळा साफ झाला, तरी फवारे कमी झालेले नाहीत. दुपारपर्यंत बारा झाले. रॅन्सफर्डला वर बोलावून मोजायला लावले. मोजून झाल्यावर तो म्हणाला, की आरसा तुझ्याकडेच राहील.

पण ताई, त्यांतल्या चार फवाऱ्यांशेजारी एकेक बुटका फवारा होता, लगेच विरणारा. ते मला आजवर दिसतच नव्हते. एकाचे दोन दिसतात म्हणून मी घाबरत होतो, आणि मला तर दोघांचा एक दिसत होता.

मार्चमधल्या त्या मंगळवारच्या मादीबरोबर पिलू होतं का, असं मी रॅन्सफर्डला विचारलं. होतं, म्हणाला. गेल्या वर्षीच्या दोघींबरोबरही होतं. होडी जवळ गेली की त्यांना दिसायचं. पण आरसा चमकला म्हणजे हॉलिसनं बघूनच दाखवला असणार, बाबांची पद्धत त्यानं सोडली असणार, असं ते धरून चालले. मला वाईट वाटेल म्हणून कुणी विषय काढला नाही. त्या मंगळवारचं पिलू किनाऱ्यापर्यंत होडीमागे येत राहिलं, असंही तो म्हणाला.

आरसा मी ठेवून घेतला आहे. काल दोनदा होडी सज्ज होती, दोन्ही वेळा तो खिशातून काढला नाही. सगळे चिडले आहेत. चिडू देत.

आधीच्या वर्षांचं मात्र कुणाला विचारायचं धाडस होत नाही. बरणी तू एव्हाना उघडली असशील. ती मादी एकटीच होती असं मी लिहिलं होतं, ते मला खरंच तसं दिसलं होतं.

आजवर पत्राच्या शेवटी तुझी माया सवयीनं मागत आलो. आज विचारून मागतो. आहे ना?

तुझा,
हॉलिस