पास्कलच्या नावाची मिस्सा

हडपसर, पुणे
८ ऑक्टोबर २००१

प्रिय कुसुमताई,
प्रभू येशूच्या नावात सलाम. वि. वि. मी पोचलो, धडधाकट आहे, आणि हो, अंघोळही करतो.

पास्कलदादाची कंपनी जानेवारीतच बंद पडली म्हणे. घरी त्याने कळवलंच नाही. तिथे आता काचेची इमारत चढतेय, कॉम्प्युटरवाल्यांसाठी. एवढाली काच दोरांनी वर ओढतात, खाली माणसं ओरडतात. दुपारभर तेच बघत राहिलो. शेवटी मुकादमाने विचारलं, काम करतोस का? म्हणून सध्या तिथेच वायरी ओढतोय. रागावू नकोस, शोधणं सोडलेलं नाही. दादाच्या खोलीतला धोंडिबा सांगतो, ऑगस्टमध्ये खडकीला वॉचमनची जागा बघून येतो म्हणून गेला, तो परतलाच नाही. ट्रंक इथेच आहे.

आईने सांगितलेली मिस्सा द्यायला, दादाचं नाव प्रार्थनेत घालायला, चर्चमध्ये गेलो. नावं घेणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, पास्कल, बरं, जिवंतांसाठी की मयतांसाठी? ताई, पाणी पिऊन येतो म्हणालो आणि बाहेर पडून स्वारगेटची बस धरली. काय सांगू त्याला? हे आईला वाचून दाखवू नकोस.

आहे तेवढी माया ठेव,
तुझा भटका भाऊ सायमन


राहाता
१६ ऑक्टोबर २००१

चि. सायमन यास ताईचा आशीर्वाद.

विचारायचं काय त्यात? जिवंतांसाठी. पुण्याला जाऊन एवढंही तोंड उघडत नसेल तर वायरीच ओढ.

आईने संत अंतोनीच्या मूर्तीच्या हातातला बाळ येशू काढून ज्वारीच्या डब्यात ठेवलाय. बजावलंय त्याला, माझं पोर आण, तुझं घेऊन जा. दर मंगळवारी नोव्हेनाची प्रार्थना, रोज जपमाळ. हरवलेल्या किल्लीपासून शेजारच्या शेळीपर्यंत सगळं त्याने शोधून दिलंय, म्हणून तिचा भरवसा हलत नाही. तुझे दाजी परवा बोलून गेले, पास्कल गेलाच असेल तर त्याच्या आत्म्यासाठी कुणी मागायला नको का, बिचारा तिथे स्वर्गाच्या अलीकडेच ताटकळत राहील. आईने जावयापुढचं ताट उचलून नेलं. तेव्हापासून घरात भांडीच काय ती बोलतात.

मी आईच्या बाजूने आहे. पण ह्यांचं बोलणं कानातून जात नाही. खडकीला जा. स्टेशनात, पोलिसांत विचार. वाटेत काही बघत उभा राहू नकोस.

जेवत जा.
तुझी ताई कुसुम


हडपसर
२९ ऑक्टोबर २००१

प्रिय ताई,
सलाम. हे एकटीने वाच.

खडकीच्या रेल्वे पोलिसांकडे ऑगस्टचे फोटो होते. दादाच आहे. रूळ ओलांडताना, हवालदार म्हणाला. मी पुढे विचारलं नाही, तूही विचारू नकोस. खिशात काही नव्हतं, पण गळ्यात मरियामातेचं, आपल्या मतमाऊलीचं पदक होतं, म्हणून हवालदाराने बेवारस म्हणून न जाळता जवळच्या चर्चला कळवलं. आडनावाने गुरव, पण पोरीला बरं नसलं की मतमाऊलीला मेणबत्ती लावतो म्हणाला. मी त्याच्या पोरीबद्दलच बराच वेळ बोलत बसलो. कशाला, माहीत नाही.

कबरीवर नुसता लाकडी क्रूस, त्यावर ‘अनोळखी’. चर्च झाडणारी यमुनाबाई आणि तिच्याबरोबरच्या चारपाच बाया मातीला होत्या. त्या अजून जपमाळेत रेल्वेवाल्या लेकरासाठी मागतात. नाव काय रे त्याचं, असं तिने विचारलं. सांगितलं तर माझ्यावरच उखडली, इतके दिवस कुठे होतात म्हणाली.

परत येऊन मिस्सा दिली. म्हाताऱ्याने विचारायच्या आतच सांगितलं, मयतांसाठी. आईला तू सांग. माझ्याच्याने होणार नाही.

सायमन


राहाता
६ नोव्हेंबर २००१

चि. सायमन यास आशीर्वाद.

पत्र शुक्रवारी आलं. दोन दिवस ब्लाउजमध्ये घेऊन फिरले. रविवारी आईने इथे पास्कलसाठी मिस्सा ठेवली होती, सुखरूप परतावा म्हणून. फादरांनी नाव घेतलं. सगळे म्हणाले, हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आईने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग समोर बघितलं, आणि शेवटपर्यंत गुडघ्यांवरून उठली नाही.

घरी आल्यावर एवढंच विचारलं, मातीला कुणी होतं का? मी त्या बायांचं सांगितलं. ते तिने परत परत सांगायला लावलं. म्हाताऱ्या होत्या की तरण्या, रडल्या का, हेही. मला कुठे ठाऊक होतं? तरी मी हो म्हणत गेले.

आज तिनेच मला लिहायला बसवलंय. त्या बायांची नावं तिला जपमाळेत घ्यायची आहेत. एकट्या यमुनाबाईचं नको, सगळ्यांची. खडकीला परत जा आणि एकेकीला विचारून लिही. बाप्तिस्म्याचं नाव हवं, हाक मारायचं नको, असं ती म्हणतेय.

तुझ्यावर जीव लावून असलेली,
कुसुम